लोहचुंबकाच्या सुईपासून पंचांगापर्यंत : केरूनाना छत्रे

महाराष्ट्राला केरूनाना छत्रे ठाऊक आहेत ते प्रामुख्याने दोन कारणांनी. लोकमान्य टिळकांना गणिताची गोडी लावणारे डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक ही त्यांची पहिली ओळख. आकाशातील प्रत्यक्ष ग्रहस्थितीशी जुळणारे पंचांग सिद्ध करण्यासाठी आयुष्य वेचणारे ज्योतिर्गणिती ही दुसरी. मात्र या गणितज्ञाच्या कारकिर्दीचा आरंभ ना महाविद्यालयात झाला, ना पंचांगाच्या पानांवर. तो झाला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत, रेशमाच्या धाग्याला टांगलेल्या लोहचुंबकाच्या सान्निध्यात. शाळेच्या पुस्तकात चुंबकाचा धडा आजही दोन ध्रुवांच्या आकर्षण-प्रतिकर्षणापासून सुरू होतो. त्या साध्या नियमांवर उभ्या असलेल्या एका जागतिक प्रयोगात कोकणातील पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा सहभागी झाला होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

नागाव ते मुंबई

विनायक ऊर्फ केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२४-२५ च्या सुमारास मे महिन्यात अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. अष्टागरातील हे नारळी-पोफळीचे गाव त्या वेळी आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानच्या मुलखात होते. शिक्षणासाठी ते लहानपणीच मुंबईस चुलत्यांकडे आले. एल्फिन्स्टन संस्थेत गणित, ज्योतिष आणि पदार्थविज्ञान हे विषय त्यांनी प्रा. ऑर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या हाताखाली अभ्यासले. ऑर्लेबार हे केवळ वर्गात शिकविणारे अध्यापक नव्हते. मुंबईत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन सुरू करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि त्यासाठी त्यांना गणिताचे अंग असलेला, चिकाटीचा सहायक हवा होता. १८४० मध्ये दरमहा ५० रुपये वेतनावर केरूनानांची कुलाबा वेधशाळेत नेमणूक झाली. त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दिग्दर्शन' हे मासिक मुंबईत निघू लागले होते. नव्या शास्त्रांची ओळख मराठीतून करून देण्याचा तो प्रारंभकाळ होता.

मुंबईचे हे कुलाबे आणि अलिबागचे कुलाबे या दोन निरनिराळ्या जागा. मुंबईचे कुलाबे मूळचे बेट. १८३८ मध्ये बांधलेल्या रस्त्याने ते शहराला जोडले गेले. तेथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये खगोलीय वेध घेण्यासाठी व जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी उभारली होती. १८४१ पासून तेथे चुंबकीय मोजणीस आरंभ झाला.

एका सुईसाठी जगभर जाळे

मोजायचे होते ते काय, हे समजण्यासाठी शाळेतील चुंबकसूचीकडेच वळावे लागते. मोकळी टांगलेली चुंबकसूची नेहमी दक्षिणोत्तर दिशेत स्थिर होते. जे टोक उत्तरेकडे राहते तो तिचा उत्तर ध्रुव, दुसरे टोक दक्षिण ध्रुव. दोन चुंबकांचे सजातीय ध्रुव एकमेकांस दूर लोटतात, विजातीय ध्रुव जवळ ओढतात. चुंबकाचे दोन तुकडे केले, तरी एका तुकड्याकडे केवळ उत्तर ध्रुव व दुसऱ्याकडे केवळ दक्षिण ध्रुव, असे कधी होत नाही. प्रत्येक तुकडा पुन्हा दोन ध्रुवांचा पूर्ण चुंबक होतो. याचे कारण असे, की लोखंडातील प्रत्येक अणू हाच एक सूक्ष्म चुंबक असतो. सामान्य लोखंडात या अणूंचे गट वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, म्हणून त्यांचा परिणाम परस्परांत विरून जातो. हे गट एका दिशेत आले की लोखंड चुंबक बनते. चुंबक तापवला किंवा त्यावर जोराचे आघात केले, तर ही शिस्त मोडते आणि चुंबकत्व क्षीण होते. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवले, तर त्याचे चुंबकत्व पार नाहीसे होते.

सुई उत्तरेकडे का वळते, याचे उत्तर विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० मध्ये दिले : पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे. येथे विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात टाकणारा एक मुद्दा येतो. सुईचा उत्तर ध्रुव ज्याच्याकडे ओढला जातो तो विजातीय असला पाहिजे. म्हणजे भूगोलातील उत्तर ध्रुवाच्या परिसरात पृथ्वी-चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे, असे म्हणावे लागते. शिवाय हे दोन्ही ध्रुव नेमके एका जागी नाहीत. त्यामुळे सुईची दिशा आणि खरी उत्तर दिशा यांत बहुतेक ठिकाणी थोडा कोन असतो. त्यास दिक्पात म्हणतात. सुई वरखाली फिरण्यासही मोकळी ठेवली, तर ती क्षितिजाशी आडवी न राहता एका बाजूस झुकते. तो झुकाव म्हणजे नती. चुंबकीय विषुववृत्तावर नती शून्य असते, चुंबकीय ध्रुवावर सुई सरळ उभी राहते, आणि अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात आज तिचे उत्तर टोक सुमारे २६ अंशांनी खाली झुकते. दिक्पात, नती आणि क्षेत्राची तीव्रता या तीन राशी ठाऊक झाल्या, की त्या ठिकाणचे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र पूर्णपणे सांगता येते.

या तिन्ही राशी स्थिर नसतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ज्ञात झाले होते. दिवसाच्या प्रहरांबरोबर त्या किंचित बदलतात, वर्षानुवर्षे संथपणे सरकतात आणि अधूनमधून एकाएकी खवळतात. जर्मनीतील गटिंगेन येथे कार्ल फ्रीडरिश गाउस या थोर गणितज्ञाने १८३० च्या दशकात निरनिराळ्या देशांतील निरीक्षकांना एकत्र आणून, सर्वांनी एकाच क्षणी नोंदी घेण्याची पद्धत घालून दिली. सूर्याच्या उगवण्या-मावळण्याने प्रत्येक गावाची वेळ वेगळी होते. चुंबकीय वादळ मात्र एकाच वेळी सर्वत्र उठते की नाही, हे पडताळायचे तर घड्याळे जुळवणे अपरिहार्य होते. ब्रिटनने ही मोहीम १८३९ मध्ये आपल्या वसाहतींपर्यंत नेली आणि ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई येथे चुंबकीय निरीक्षणाची व्यवस्था केली. नागावच्या मुलाच्या हाती जे काम आले, ते या जाळ्यातील एका गाठीचे होते.

वेधशाळेतील शिस्त

त्या काळी विजेवर चालणारी नोंदयंत्रे नव्हती. पीळ काढलेल्या रेशमी धाग्याने चुंबक टांगलेला असे. वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून तो पेटीत बंद असे. चुंबकासोबत एक लहानसा आरसा फिरे आणि काही अंतरावर मांडलेल्या दुर्बिणीतून त्या आरशातील मोजपट्टीचे प्रतिबिंब पाहिले जाई. चुंबक अंशाच्या अगदी अल्प भागाने वळला, तरी आरशामुळे मोजपट्टीवरील आकडा स्पष्टपणे बदले. दिक्पातासाठी एक चुंबक, क्षेत्राच्या आडव्या घटकासाठी दोन धाग्यांवर तोललेला दुसरा आणि उभ्या घटकासाठी तराजूप्रमाणे टेकवलेला तिसरा, अशी ही योजना होती. नोंद घेणारा माणूस स्वतःच यंत्राचा एक भाग बनत असे. खिशातील किल्ली, चाकू वा लोखंडी कडी यांपैकी काहीही जवळ गेले, तर सुई पृथ्वीचे नव्हे, तर त्या माणसाचे मोजमाप सांगू लागे. चुंबक तापला की त्याची शक्ती किंचित घटते. म्हणून चुंबकाच्या आकड्याबरोबर तापमानही टिपून घ्यावे लागे आणि नंतर गणिताने त्याची दुरुस्ती करावी लागे.

मुंबईच्या दमट उन्हाळ्यात व पावसाळ्यात, दिवसा व रात्री, ठरलेल्या वेळी दुर्बिणीस डोळा लावायचा आणि दिसेल तो आकडा वहीत उतरवायचा, असे हे काम होते. गटिंगेनच्या पद्धतीत काही दिवस आधीपासून ठरवून दिलेले असत. त्या दिवशी सलग २४ तास, काही मिनिटांच्या अंतराने नोंदी चालत. कुलाब्यातील पहिली काही वर्षे या नोंदी खंडित राहिल्या आणि १८४५ नंतर त्यांस नियमितपणा आला. १८४० ते १८५१ हा केरूनानांचा तेथील काळ. म्हणजे विस्कळीत आरंभापासून शिस्तबद्ध मालिकेपर्यंतचे संक्रमण त्यांच्या डोळ्यांदेखत घडले.

या आकड्यांचा अर्थ त्या वेळी कोणालाही पूर्णपणे उलगडलेला नव्हता. पृथ्वीच्या क्षेत्राचा मुख्य भाग तिच्या पोटातूनच येतो, हे गाउसने गणिताने दाखवले होते. मात्र तो कसा निर्माण होतो, हे ठाऊक नव्हते. पृथ्वीच्या अंतरंगात कायमचा चुंबक असणे शक्य नाही, कारण तेथील उष्णता लोखंडाचे चुंबकत्व टिकू देणार नाही. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखालील बाह्य गाभ्यात वितळलेल्या लोखंडाचे प्रवाह फिरत असतात. त्यांतून विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांतून चुंबकीय क्षेत्र टिकून राहते, हे पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. सुईच्या दैनंदिन हालचालीचे कारण मात्र जमिनीखाली नसून आकाशात आहे. सूर्यकिरणांमुळे सुमारे शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवरील विरळ हवेत विद्युतप्रवाह वाहू लागतात आणि त्यांचा परिणाम सुईवर दिसतो. वेधशाळेतील तरुणाला यातले काही सांगता आले नसते. त्याचे कर्तव्य एवढेच होते, की अर्थ न कळणारा आकडाही जसा दिसला तसाच लिहावा, आपल्या समजुतीप्रमाणे तो सुधारू नये. हाच संस्कार पुढील आयुष्यात निर्णायक ठरला, असे त्यांच्या कार्याकडे पाहताना वाटते.

घाटमाथ्यावरचे चुंबक

१८५१ मध्ये केरूनाना पुण्यास आले. मुंबई-पुणे लोहमार्ग अद्याप झालेला नव्हता. पुण्याचा रस्ता बोरघाट चढून खंडाळा, लोणावळा आणि कार्ल्याच्या डोंगराखालून जात असे. एकवीरेच्या दर्शनास येणारे भाविक व चैत्यगृह पाहण्यास येणारे प्रवासी यांच्यामुळे कार्ले तेव्हाही अपरिचित नव्हते. परंतु ज्या काळ्या कातळात ते भव्य चैत्यगृह दोन हजार वर्षांपूर्वी कोरले गेले, तो कातळही एका अर्थी चुंबकीय वेधशाळेची वही आहे, हे समजण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

सह्याद्रीचा हा बेसॉल्ट खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेल्या लाव्हारसाचा बनला आहे. त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. तप्त लाव्हा निवत निवत सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला, की हे कण चुंबक बनू लागतात आणि त्या क्षणी पृथ्वीच्या क्षेत्राची जी दिशा असेल, ती त्यांत कायमची गोठते. १८४० च्या दशकात सुईवरून जी नती मोजली जात होती, तीच नती खडकात कोट्यवधी वर्षे जपली गेली आहे. १९५० च्या दशकापासून दख्खनच्या खडकांची अशी तपासणी झाली, तेव्हा त्यांतील नती आजच्या महाराष्ट्राशी जुळणारी नव्हती. ती विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेकडील प्रदेशाशी जुळत होती. भारताची भूमी त्या वेळी दक्षिण गोलार्धात होती आणि नंतर ती उत्तरेकडे सरकत आली, याचा हा भक्कम पुरावा ठरला. इतकेच नव्हे, तर सह्याद्रीच्या अनेक थरांत उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल झालेली आढळते. ते थर निवाले तेव्हा चुंबकसूचीचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळले असते. घाटातून जाणाऱ्या त्या पिढीतील कोणालाही याची कल्पना असणे शक्य नव्हते. नोंद आधी होते आणि तिचे वाचन फार उशिरा होते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

मराठीतून पदार्थविज्ञान

पुण्यात केरूनानांनी आयुष्याचा उरलेला काळ अध्यापनात घालविला. विश्रामबागवाड्यात भरणाऱ्या पूना कॉलेजात ते गणित व सृष्टिशास्त्र शिकवीत. मधल्या काळात अहमदनगर येथेही त्यांनी काम केले. पूना कॉलेजचे १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाले व १८६८ मध्ये ते येरवड्याजवळील नव्या इमारतीत गेले. तेथे केरूनाना गणिताचे प्राध्यापक म्हणून नावाजले. १८७० च्या दशकात बाळ गंगाधर टिळक हा विद्यार्थी त्यांच्या वर्गात आला आणि गणितात प्रथम वर्ग मिळवून पदवीधर झाला. केसरीकारांच्या राजकीय लेखनातही आकडेवारी व काटेकोर तर्क यांची जी पकड दिसते, तिच्या मुळाशी या वर्गातील शिक्षणाचा वाटा मानला जातो.

केरूनानांना युरोपीय विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांचे विद्यापीठ म्हणजे ऑर्लेबारांचा वर्ग आणि कुलाब्याची वेधशाळा. परंतु आपल्याला इंग्रजीतून जे मिळाले, ते मराठी मुलांना मराठीतून मिळावे, याची त्यांना कळकळ होती. अंकगणित आणि पदार्थविज्ञान या विषयांवर त्यांनी शाळांसाठी पुस्तके लिहिली. ज्ञानप्रसारक सभेपुढे हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर निबंध वाचले. आज शाळेतील मूल ध्रुव, आकर्षण, क्षेत्र हे शब्द सहज उच्चारते. नव्या शास्त्राला मराठीत शब्द घडवावे लागतात, ते शिक्षकांच्या व विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळवावे लागतात, हे काम ज्या पिढीने केले तिच्या अग्रभागी केरूनाना होते.

आकाश आणि कागद यांतील अंतर

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा संघर्ष मात्र पंचांगाचा ठरला. महाराष्ट्रातील पंचांगे त्या काळी गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून तयार होत. कोकण किनाऱ्यावरील नांदगावच्या या विलक्षण गणित्याने तो ग्रंथ १५२० च्या सुमारास रचला. त्याच्या सोप्या रीतींमुळे गावोगावच्या जोशांना गणित करणे सुलभ झाले. परंतु कोणत्याही गणितात प्रारंभी राहिलेला सूक्ष्म फरक शतकानुशतके साठत जातो. साडेतीनशे वर्षांनंतर ग्रंथावरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि दुर्बिणीतून दिसणारी स्थाने यांत तफावत पडू लागली होती.

केरूनानांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. युरोपातील अद्ययावत वेधांवर आधारलेले गणित मराठी जोशास वापरता येईल अशा रूपात त्यांनी मांडले. पुढे आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून त्यांचे पंचांग निघू लागले आणि ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाऊ लागले. राशिचक्राचा आरंभबिंदू ठरविताना त्यांनी मीन राशीतील रेवतीचा एक अंधुक तारा प्रमाण मानला. संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५० विकलांनी मागे सरकतो, म्हणजे ७२ वर्षांत साधारण एक अंश. आरंभबिंदू कोणता मानावा, यावरून पंचांगा-पंचांगांत चार अंशांचा फरक पडतो. चार अंश म्हणजे सूर्याच्या गतीने चार दिवस. म्हणूनच या परंपरेतील टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, तर बहुतेक घरांत ती १४ वा १५ जानेवारीला साजरी होते.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. अधिक मास कोणता, श्राद्धतिथी कोणती, संक्रांतीचे दान कोणत्या दिवशी द्यायचे, असे प्रश्न प्रत्येक घराच्या देव्हाऱ्याशी जोडलेले होते. शेजारच्या दोन घरांत सण निराळ्या दिवशी होणे कोणालाच रुचणारे नव्हते. त्यामुळे नव्या पंचांगाला विद्वानांची मान्यता मिळाली, तरी बहुसंख्य समाजाने ते स्वीकारले नाही. केरूनानांनी धर्मपरंपरा मोडण्याची भूमिका घेतली नव्हती. ज्या आकाशाकडे पाहून पूर्वजांनी नियम घातले, त्याच आकाशाकडे पुन्हा पाहून आकडे दुरुस्त करावेत, एवढेच त्यांच्या कार्याचे सूत्र होते. वेधशाळेत सुईने दाखवलेला आकडा अपेक्षेशी जुळला नाही, तर सुईला दोष देऊन चालत नाही. प्रथम अपेक्षा तपासावी लागते. हीच दृष्टी त्यांनी पंचांगाकडे वळविली. त्यांच्यानंतर टिळकांनी हा प्रश्न हाती घेतला. १९०४ मध्ये मुंबईत आणि १९२० मध्ये सांगलीत ज्योतिष परिषदा भरल्या. गुरूने मांडलेले गणित शिष्याच्या नावाच्या पंचांगातून पुढे चालू राहिले.

१८७७ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले.

सुई अलिबागला आली

केरूनानांनी कुलाबा सोडल्यानंतरही तेथील नोंदी चालूच राहिल्या. ते पुण्यास आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८५२ मध्ये, एडवर्ड सबाइन यांनी टोरोंटो व होबार्ट येथील वेधशाळांच्या नोंदींवरून चुंबकीय खळबळ आणि सूर्यावरील डाग यांची वाढ-घट बरोबरीने होते, असे दाखवून दिले. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलज्ञाला सूर्यावर प्रखर ज्वाळेचे दर्शन घडले आणि दुसऱ्या दिवशी जगभर चुंबकीय वादळ उसळले. तारायंत्रे बिघडली, उष्ण कटिबंधाजवळही ध्रुवीय प्रकाश दिसला. कुलाब्यात त्या वेळीही आकडे डोळ्यांनीच वाचले जात होते. तेथे क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. मूळ तीव्रतेच्या मानाने ही घट चार टक्क्यांच्या आसपास होती. त्या वादळाच्या इतक्या परिपूर्ण नोंदी जगात फार थोड्या आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कुलाब्याचे ते जुने आकडे पुन्हा तपासले आणि कॅरिंग्टन वादळाची तीव्रता ठरविण्याचा ते मुख्य आधार बनले. याचे महत्त्व केवळ इतिहासापुरते नाही. मार्च १९८९ मध्ये त्याहून सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा नऊ तास ठप्प केला होता. मोठे वादळ किती मोठे असू शकते, हे सांगण्यासाठी आज अभियंत्यांना १८५९ च्या त्या वहीकडे पाहावे लागते.

ही अखंड मालिका तुटण्याचा प्रसंग विसाव्या शतकाच्या आरंभी आला. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार होती. विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हा १८२० मध्ये ऑर्स्टेड यांनी दाखवलेला नियम. ट्रामच्या रुळांतून व जमिनीतून वाहणारा प्रवाह सुईला सतत हलवत राहणार, हे उघड होते. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी यंत्रे खाडीपलीकडे अलिबागला नेण्याची व्यवस्था केली. तेथील इमारतीसाठी चुंबकीय गुणधर्म नसलेला पोरबंदरचा दगड वापरण्यात आला. १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या, मात्र कुलाबा लगेच बंद केले गेले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी झाली, म्हणजे दोन ठिकाणांतील फरक कळावा आणि जुन्या मालिकेला नवी मालिका बिनचूक जोडता यावी. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचा सविस्तर अभ्यास दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यातील पहिली काही वर्षे केरूनाना वेधशाळेत होते तेव्हाची आहेत.

अशा रीतीने नागावच्या मुलाने मुंबईत ज्या नोंदींच्या कामात उमेदवारी केली, त्या नोंदी त्याच्या निधनानंतर वीस वर्षांनी त्याच्या गावापासून काही किलोमीटर अंतरावर येऊन स्थिरावल्या. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेल येथे असून अलिबागची वेधशाळा याच संस्थेकडे आहे.

विद्यार्थ्याच्या हातातील प्रयोग

केरूनानांच्या काळी ज्या मोजणीसाठी दुर्बीण व रेशमी धागा लागत असे, तिची तोंडओळख आज कोणत्याही विद्यार्थ्याला घरीच होऊ शकते. शिवणाची सुई घ्यावी, चुंबकाच्या एकाच ध्रुवाने ती एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासावी, बुचाच्या चकतीवर ठेवून पाण्यात तरंगू द्यावी. ती फिरून दक्षिणोत्तर स्थिर होईल. घासण्याची दिशा उलट केली की तिचे ध्रुवही उलटतात. बहुतेक मोबाइल फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक असतो. पुणे, लोणावळा वा कार्ले परिसरात मोकळ्या जागी तो सुमारे ४३ मायक्रोटेस्ला, म्हणजेच ४३,००० नॅनोटेस्ला दाखवतो. लोखंडी खांबाजवळ किंवा काळ्या कातळाला टेकवून धरला, तर आकडा बदललेला दिसू शकतो. त्यातील किती फरक पृथ्वीचा, किती खडकाचा आणि किती खिशातील किल्लीचा, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न केला की निरीक्षणाला खऱ्या अर्थाने सुरुवात होते.

चुंबकाच्या धड्यातील नियम पाठ करण्यास एक तास पुरतो. सुईने दाखवलेला आकडा, तो आपल्याला पटो वा न पटो, तारीख-वेळ घालून प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची सवय अंगी बाणण्यास वर्षे लागतात. केरूनाना छत्रे यांनी ती सवय ऐन पौगंडावस्थेत लावून घेतली आणि पुढे तिच्याच बळावर रूढ पंचांगाला आकाशाची साक्ष काढण्यास भाग पाडले. त्यांचे पंचांग सर्वांनी स्वीकारले नाही. परंतु कुलाब्यात सुरू झालेली नोंदींची मालिका अलिबागला अद्याप चालू आहे, आणि तिच्यात आज भर घालणाऱ्या निरीक्षकाचे पहिले कर्तव्यही तेच आहे : दिसला तो आकडा जसाच्या तसा लिहून ठेवणे.